कारंज्याची बासने

१९२५ साली अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवायला एक तरुण प्राध्यापक रुजू झाले. नाव हिरालाल जैन. मूळचे नरसिंहपूर जिल्ह्यातले, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यातले, एम.ए. अलाहाबादचे. कॉलेज उघडून जेमतेम दोन वर्षे झाली होती. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांताला जोडलेला, त्यामुळे तिकडचा हिंदी बोलणारा माणूस अमरावतीत नोकरीला येणे यात नवल काही नव्हते. नवल पुढे घडले. पगार संस्कृतचा घेणाऱ्या या शिक्षकाने आपली उमेदीची वर्षे दिली ती अपभ्रंशाला. ही भाषा कॉलेजच्या वर्गात कुणी मागत नव्हते आणि बाहेर तिची पुस्तकेच नव्हती. तिचे मोठे घबाड मात्र अमरावतीपासून चाळीसेक मैलांवर, आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा लाड या गावात, देवळांतल्या कपाटांत बांधून ठेवलेले होते.

हिंदी-हिंदुस्तानीच्या अभ्यासाची गोष्ट सांगताना आपण बहुतेक वेळा कलकत्त्याला जातो. जॉन गिलख्रिस्ट हा स्कॉटिश डॉक्टर १७८२ मध्ये मुंबईत उतरला. शिपायांशी बोलायला फारसी उपयोगाची नाही हे ध्यानात येताच तो देशी कपडे चढवून, दाढी वाढवून उत्तरेत हिंडला आणि त्याने कोश रचला. १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज निघाले तेव्हा तिथे तो हिंदुस्तानीचा पहिला प्राध्यापक झाला. तिथली चार वर्षे त्याला पुरली. मीर अम्मन, लल्लूलाल, सदल मिश्र अशा मुनशी-पंडितांकडून त्याच्या विभागाने गद्य लिहवून घेतले आणि हिंदी-उर्दू गद्याचे पहिले पान म्हणून पुढे तेच दाखवले जाऊ लागले. त्याच आवारात विल्यम कॅरी पंडित वैजनाथांच्या मदतीने मराठी शिकवत होता; त्याचे मराठी व्याकरण १८०५ चे. या मंडळींना प्रश्न एकच होता: आज बाजारात, छावणीत, कचेरीत लोक बोलतात कसे? साहेबाला जिल्ह्यावर पाठवायचे होते. ती बोली हजार वर्षांपूर्वी कशी होती, याच्याशी त्याला काय करायचे?

हजार वर्षांचा तो प्रश्न विचारला जर्मन पंडितांनी. रिशार्ट पिशेल याने १९०० मध्ये प्राकृत भाषांचे आपले अजोड व्याकरण छापले आणि १९०२ मध्ये अपभ्रंशाची सामग्री वेगळी काढली. सामग्री म्हणजे काय, तर हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या व्याकरणात उदाहरणादाखल दिलेले दोहे, कालिदासाच्या नाटकातले काही अंश आणि इकडची तिकडची अवतरणे. संस्कृत-प्राकृत एका तीरावर, मराठी-हिंदी-गुजराती दुसऱ्या तीरावर, आणि मधल्या पुलाचे चार-दोन दगड हाताशी. सगळे वाङ्मय बुडाले अशीच तेव्हाची समजूत होती. १९१४ मध्ये हेर्मान याकोबी हिंदुस्थानात आला असताना अहमदाबादला एका जैन मुनींकडे त्याला 'भविसत्तकहा' ही अख्खी अपभ्रंश कथा मिळाली. तिची त्याची आवृत्ती १९१८ मध्ये निघाली, आणि १९२३ मध्ये चिमणलाल दलाल व पुण्याचे पांडुरंग दामोदर गुणे यांची आवृत्ती बडोद्याहून आली. तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आले की वाङ्मय बुडालेले नाही, आपण चुकीच्या दारात उभे होतो. संस्कृत पाठशाळांत जे मिळत नव्हते ते जैनांच्या भांडारांत पडून होते.

कारंजा हे त्यातले एक दार. दत्तसंप्रदायी मराठी माणसाला हे गाव नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ठाऊक आहे. गावकरी त्याच्या जोडीला कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका सांगतात: परदेशी व्यापाऱ्याचा कस्तुरीचा सगळा माल विकला जाईना तेव्हा लेकुर संघई नावाच्या सावकाराने तो एकहाती विकत घेतला आणि चालू असलेल्या बांधकामाच्या चुन्यात ओतायला लावला. गोष्ट खरी की खोटी हा वाद सोडून देऊ. गावाकडे पैसा किती होता आणि त्या पैशाचा तोरा कसा होता एवढे तिच्यातून कळते. सतराव्या शतकात शीलविजय हा गुजरातेकडचा जैन साधू दक्षिणेच्या तीर्थयात्रेत इथे आला, तेव्हा त्यानेही इथल्या भोज संघवीच्या संपत्तीचे आणि दानधर्माचे तोंड भरून वर्णन केले. बघेरवाल आणि इतर व्यापारी घराण्यांची ही पेठ. त्यांच्या आश्रयाने दिगंबर जैनांच्या भट्टारकांच्या, म्हणजे मठाधिपतींच्या, तीन गाद्या या एका गावात नांदल्या: सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. गादी तिथे मंदिर, आणि मंदिर तिथे शास्त्रभांडार.

भांडार भरायचे कसे, हे पाहण्यासारखे आहे. त्यात विद्याव्यासंगाचा वाटा होताच, पण व्रतवैकल्यांचा वाटा त्याहून मोठा असावा असे मला वाटते. जैन धर्मात शास्त्रदान हे दानांतले एक. एखाद्या श्राविकेने व्रत केले, त्याचे उद्यापन आले, की लेखनिकाला पैसे देऊन एखाद्या ग्रंथाची नक्कल करवून घ्यायची आणि मुनीला किंवा मंदिराला अर्पण करायची. पोथीच्या शेवटच्या पानावर मग संवत, तिथी, गाव, राज्य कुणाचे, भट्टारकांची परंपरा, दात्याचे कूळ, बायकामुले, सुना, अशी सगळी नावे येतात. इतिहास लिहिणाऱ्याला ग्रंथाच्या मजकुराइतकेच हे शेवटचे पान मोलाचे. ज्या बाईने पैसे दिले तिला आतला मजकूर वाचता येत होता असे नाही. तो तिने वाचावा अशी अपेक्षाही नव्हती. दर ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, बासने सोडायची, पोथ्यांना हवा द्यायची, पूजा करायची आणि नव्या फडक्यात पुन्हा बांधायच्या. वाळवी आणि ओल यांच्यापासून या पोथ्या वाचल्या त्या अशा वार्षिक रिवाजामुळे. पण याच श्रद्धेने कुलूपही घातले. परक्याने पोथीला हात लावला तर ती विटाळते ही भावना, छापली तर शास्त्राची अवहेलना होते ही दुसरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जैन ग्रंथ छापावेत की नाही यावर समाजात कडाक्याची भांडणे झालेली आहेत.

कारंज्याच्या कपाटांत काय आहे हे बाहेरच्या जगाला कळले ते सरकारी कामातून. मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची करण्याचे काम प्रांतिक सरकारने रायबहादूर हिरालाल यांच्याकडे दिले होते. इथे एक घोटाळा निस्तरून टाकू. हे हिरालाल वेगळे. कटनीचे, डेप्युटी कमिशनरच्या हुद्द्यापर्यंत चढलेले, रसेल यांच्याबरोबर मध्यप्रांतातल्या जातीजमातींचे चार खंड (१९१६) सिद्ध करणारे, शिलालेखांचे जाणकार. आपले प्राध्यापक हिरालाल त्यांच्याहून एका पिढीने लहान. ग्रंथालयांच्या कार्डांवर या दोघांची पुस्तके एकमेकांच्या नावावर चढलेली असतात. रायबहादुरांची सूची १९२६ मध्ये नागपूरला छापली गेली आणि कारंज्यातल्या जैन पोथ्यांचा मोठा भाग तिच्यात आला, तोही नुसत्या नावांनिशी नव्हे तर निवडक उताऱ्यांसह. प्राध्यापक हिरालाल जैनांनी त्याच सुमारास ही भांडारे बारकाईने पाहिली होती. ते स्वतः दिगंबर जैन, त्यामुळे बासन सोडून समोर ठेवायला मंदिरातल्यांनी फारसे आढेवेढे घेतले नसावेत. पुण्या-मुंबईच्या किंवा जर्मनीच्या पंडिताला ते सोपे गेले नसते.

सूचीतले उतारे वाचून अभ्यासक चकित झाले. पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' आणि 'णायकुमारचरिउ', मुनी कनकामराचे 'करकंडचरिउ': एकेक काव्य सबंध, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. पिशेलने चिमटीने वेचलेली भाषा इथे पोत्यांनी पडली होती.

पण पोथी मिळणे वेगळे आणि छापण्याजोगा ग्रंथ तयार होणे वेगळे. अशी एक पोथी डोळ्यांसमोर आणा. आडवी लांबट कागदी पाने, सुटी. मध्ये कधीकाळच्या ताडपत्राच्या दोऱ्याची आठवण म्हणून सोडलेली रिकामी चौकट. दोन्ही बाजूंना तांबड्या उभ्या रेघा. अक्षर नागरीच, पण शब्दांत अंतर नाही. ओळ सुरू झाली की समासापर्यंत एक सलग माळ. जुन्या पोथीत पडीमात्रा, म्हणजे एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता अलीकडे उभ्या काठीसारखी. न कळणारा वाचक तिला सरळ काना समजतो. 'च' आणि 'व' एका वळणाचे, 'त्थ' आणि 'च्छ' तर ओळखूच येऊ नयेत इतके सारखे. कडवे कुठे संपले हे सांगणारा घत्ता तांबड्या शाईने खुणावला असला तर नशीब. नक्कल करणाराला भाषा येत नसे, म्हणून जिथे अडे तिथे तो ओळखीचा संस्कृत शब्द घुसडून मोकळा होई. शेवटी तो लिहून ठेवतो की पाठ, कंबर, मान मोडून मी हे लिहिले आहे, जपून ठेवा. त्याची कीव येते, पण संपादकाला त्याच्यावर विश्वास ठेवून चालत नाही. मग दुसऱ्या गावची पोथी मिळवायची, ओळीला ओळ लावायची, छंदाच्या मात्रा मोजायच्या आणि कुठला पाठ छंदात बसतो ते पाहायचे. छंद हाच अशा कामात खरा साक्षीदार. समासात कधी जुन्या टीकाकाराची संस्कृत टिपणी असते, तीही आधार. म्हणजे पूर्वीच्या वाचकांनाही ही भाषा टिपणीशिवाय जड जात होती, हे त्यातच आले.

या कामाला पैसा कारंज्यानेच दिला. अंबादास चवरे यांच्या स्मरणार्थ निघालेली दिगंबर जैन ग्रंथमाला, इंग्रजीत कारंजा जैन सिरीज, हिचे पहिले पुस्तक १९३१ चे: पुष्पदंताचे 'जसहरचरिउ'. संपादक परशुराम लक्ष्मण वैद्य, प्राकृताचे गाढे पंडित, जे पुढे भांडारकर संस्थेच्या महाभारत-आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. मालेची धुरा प्राध्यापक जैनांकडे होती. १९३२ मध्ये त्यांनी 'सावयधम्मदोहा' काढला, १९३३ मध्ये 'पाहुडदोहा', १९३४ मध्ये 'करकंडचरिउ'. मध्येच १९३३ मध्ये बलात्कारगणाच्या मंडळींनी देवेंद्रकीर्ती भट्टारकांच्या नावाने वेगळी माला सुरू करून 'णायकुमारचरिउ' छापले. संपादक पुन्हा तेच. एका गावात दोन माला का, असे मनात येते. पण तीन गाद्यांच्या गावाला दोन माला म्हणजे काटकसरच म्हणायची. चार वर्षांत पाच ग्रंथ, प्रत्येकाला प्रस्तावना, शब्दकोश, टिपा, आणि हे सगळे कॉलेजातले तास सांभाळून. विद्यापीठे आज प्रकल्पाच्या नावाने लाखो रुपये मागतात तेव्हा हा हिशेब मला हटकून आठवतो.

या पोथ्यांतून जो कवी पुढे आला त्याच्याबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे. पुष्पदंत काश्यप गोत्री ब्राह्मण, बापाचे नाव केशव, आईचे मुग्धादेवी. घराणे मुळात शैव, मागून जैन झालेले. अंगाने किडकिडीत, रूपाने सामान्य, खिशात दमडी नाही, आणि स्वतःला बिरुद काय, तर 'अभिमानमेरू'. हे सगळे त्याने आपल्याच काव्यात सांगून ठेवले आहे. आधी कुणा राजाच्या पदरी तो होता, तिथे बिनसले. मजल दरमजल करत तो राष्ट्रकूटांच्या मान्यखेटाबाहेर, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या मळखेडच्या वेशीवर आला आणि थकून एका उपवनात टेकला. दोन माणसे जवळ येऊन म्हणाली, एवढे मोठे शहर समोर आहे, आत का येत नाहीस? त्याने उत्तर दिले की डोंगराच्या कपारीत गवत-पाला खाऊन मरेन, पण श्रीमंताच्या चढलेल्या भुवया बघायला येणार नाही. त्या दोघांनी त्याची समजूत घातली आणि त्याला भरताकडे नेले. भरत हा सम्राट तिसऱ्या कृष्णाचा मंत्री. त्याने या फाटक्या पाहुण्याला न्हाऊमाखू घातले, जेवू घातले, काही दिवस विश्रांती दिली आणि मग हळूच सुचवले की पूर्वी राजाची स्तुती करून जे पाप जोडलेस ते आता जिनचरित्र लिहून फेड. इसवी सन ९५९ मध्ये महापुराण सुरू झाले, ९६५ मध्ये संपले. एकशे दोन संधी, म्हणजे सर्ग. मध्येच कवीचे मन उडाले आणि लेखन थांबले, तेव्हाही भरतानेच त्याला पुन्हा बसवले. उरलेली दोन काव्ये भरताचा मुलगा नन्न याच्या आश्रयाला असताना झाली. ९७२ मध्ये माळव्याच्या सीयक परमाराने मान्यखेट लुटले. तो विध्वंस या कवीने डोळ्यांनी पाहिला आणि आता पुष्पदंताने राहायचे कुठे, अशा अर्थाचा हताश उद्गार लिहून ठेवला.

इतका जिवंत माणूस, आणि विसाव्या शतकापर्यंत मराठी, हिंदी वाचकाला त्याचे नावही ठाऊक नव्हते. महापुराण तीन खंडांत १९३७ ते १९४१ या काळात वैद्यांनी पुरे केले. त्यातला हरिवंशाचा भाग लुडविग आल्सडोर्फ याने १९३६ मध्ये हॅम्बुर्गहून स्वतंत्र छापला. जैन वाङ्मयाचे अभ्यासक नाथूराम प्रेमी यांनी पुष्पदंताच्या घराण्याविषयी एक मोहक तर्क केला. बुलढाण्याकडच्या रोहिणखेडचा मानला जाणारा ज्योतिषी श्रीपती, 'ज्योतिषरत्नमाले'चा कर्ता, त्याच्याही आजोबांचे नाव केशव. आणि जुन्या मराठी गद्याचा फार आधीचा नमुना म्हणून ज्या टीकेची चर्चा होते ती याच ग्रंथावरची. म्हणून पुष्पदंत हा श्रीपतीचा चुलता आणि मूळचा वऱ्हाडी असावा, असे प्रेमींना वाटले. केशव हे नाव काही दुर्मीळ नव्हते, तेव्हा मी यावर पैज लावणार नाही. पण तर्क खरा निघाला तर वऱ्हाडातून मान्यखेटला गेलेला कवी पोथीच्या रूपाने वऱ्हाडातच परतला असे होईल.

'करकंडचरिउ'च्या संपादनात प्राध्यापक जैनांचा दुसरा गुण दिसतो. दहा संधींच्या या अकराव्या शतकातल्या काव्यात करकंड राजा दक्षिणेच्या स्वारीवर निघतो आणि वाटेत तेरापूरजवळ मुक्काम करतो. डोंगरात त्याला एक लेणे आढळते, आत पार्श्वनाथाची मूर्ती. तिच्या आसनावर एक गाठ उठलेली असते. राजाला ती खुपते. म्हातारा शिल्पी सांगतो की इथे पाण्याचा झरा होता, तो बुजवण्यासाठी ही गाठ ठेवली आहे, फोडू नका. राजा ऐकत नाही. टाकी बसते आणि पाण्याचा लोंढा उसळून लेणे भरू लागते. पस्तावलेला राजा मग वरच्या अंगाला नवे लेणे कोरवतो. एखादा भाषापंडित इथे छंद आणि धातुरूपे बघून पुढे गेला असता. प्राध्यापक जैनांना तेरापूर म्हणजे तेर, हे ओळखीचे वाटले. तेरपासून फार दूर नाहीत ती धाराशिवची लेणी. बर्जेसने एकोणिसाव्या शतकातच त्यांची पाहणी छापली होती. कवीने केलेले वर्णन आणि प्रत्यक्षातली दालने, खांब, पार्श्वनाथाची मूर्ती, पाण्याची जागा यांचा मेळ त्यांनी प्रस्तावनेत घालून दाखवला. ही लेणी मुळात बौद्ध आणि मागून जैनांकडे आलेली, असे पुढच्या काही अभ्यासकांचे म्हणणे पडले. तसे असले तरी अकराव्या शतकातल्या कवीने ती पाहिली होती आणि तेव्हा लोक त्यांच्याविषयी काय कथा सांगत होते, हे त्यामुळे हाती राहतेच.

हिंदीवाल्यांच्या दृष्टीने मात्र खरी ठिणगी पडली ती दोन लहान पुस्तकांनी. 'सावयधम्मदोहा' हा गृहस्थांना आचार सांगणारा, साध्यासुध्या उपमांचा. 'पाहुडदोहा' हा मुनी रामसिंहाचा, साधारण इसवी सन १००० चा, आणि तो वाचताना मराठी माणसाला तुकोबांची, हिंदी माणसाला कबीराची चाहूल लागल्यावाचून राहत नाही. डोके मुंडून काय मिळवलेस, तीर्थे फिरून काय धुतलेस, देव देहात असताना देवळात कुणाला शोधतोस, अशी त्याची विचारणा आहे. तीही दोह्यात, ज्या छंदाला संस्कृतात घरच नाही आणि जो पुढे कबीर, तुलसी, बिहारी यांनी घरोघरी नेला. संत कवींची ती फटकळ वाणी पंधराव्या शतकात एकाएकी आकाशातून पडलेली नाही, हे दाखवायला आता छापील पुरावा होता. दोन्ही पुस्तकांना प्राध्यापक जैनांनी हिंदी भाषांतर जोडले.

मग वाटण्या सुरू झाल्या. चंद्रधर शर्मा गुलेरींनी १९२१ च्या सुमारासच या भाषेला 'पुरानी हिंदी' म्हणून टाकले होते. रामचंद्र शुक्लांनी १९२९ च्या इतिहासात अपभ्रंशाला जागा दिली, पण जैनांचे बरेचसे लेखन धर्मोपदेश म्हणून बाजूला सारले. तो निवाडा मला आजही अन्यायाचा वाटतो, कारण त्याच कसोटीने भक्तिकाव्याचे काय उरेल? राहुल सांकृत्यायनांनी १९४५ मध्ये 'हिंदी काव्यधारा' काढून स्वयंभू हा दुसरा अपभ्रंश कवी आणि पुष्पदंत यांना सरळ हिंदीचे आद्य महाकवी ठरवले. गुजराती पंडितांनी हीच भाषा जुनी गुजराती म्हणून आपल्याकडे ओढली. मराठीकडून गणेश वासुदेव तगारे यांनी १९४८ मध्ये अपभ्रंशाचे ऐतिहासिक व्याकरण डेक्कन कॉलेजातून प्रसिद्ध केले आणि प्रदेशवार, शतकवार तक्ते मांडून या भाषेत पश्चिमेचे, दक्षिणेचे, पूर्वेचे वळण वेगवेगळे कसे दिसते ते दाखवायचा प्रयत्न केला. त्यांच्या हिशेबात पुष्पदंत आणि कनकामर दक्षिणेकडचे, म्हणजे मराठीच्या शेजघरातले. आपल्याकडच्या वाङ्मयेतिहासांनी मात्र मुकुंदराज-म्हाइंभटांच्या अलीकडे यायचे तेवढे मनावर घेतले, पलीकडे जायचा फारसा उत्साह दाखवला नाही.

खरे तर वाशीमच्या भूमीला प्राकृताची सवय जुनी. वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथल्या सर्वसेन राजाने 'हरिविजय' हे काव्य प्राकृतात लिहिले. ते हरवले, पण अलंकारशास्त्रकारांनी त्याची आठवण ठेवली. १९३९ मध्ये वाशीमला विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट सापडला, त्यात वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात आहे. तो वाचून प्रसिद्ध करणाऱ्यांपैकी वासुदेव विष्णू मिराशी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातले. प्राध्यापक जैनही पुढे अमरावतीहून त्याच कॉलेजात गेले.

जाण्यापूर्वी त्यांनी अंगावर घेतलेले काम मात्र कारंज्याच्या पाचही पुस्तकांना झाकून टाकील एवढे होते. दिगंबरांचा मूळ आगम 'षट्खंडागम' आणि त्यावरची वीरसेनांची 'धवला' ही टीका. तिची ताडपत्रे होती एकट्या मूडबिद्रीत, जुन्या कानडी लिपीत, आणि यात्रेकरूंना त्यांचे फक्त दर्शन घडे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी खटपट करून १८९६ मध्ये नक्कल सुरू करवली, अट अशी की नक्कल मूडबिद्रीच्या बाहेर जाऊ नये. काम करणाऱ्यांत मिरजेचे गजपती उपाध्याय होते. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने गुपचूप आणखी एक कानडी नक्कल उतरवली आणि ती घेऊन ते बाहेर पडले. ती सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी विकत घेतली. तिथे तिची नागरी प्रत करायला बसवलेल्या सीताराम शास्त्रींनी गजपतींचाच कित्ता गिरवला: मालकाला एक, स्वतःला एक. त्यांच्या प्रतीवरून मग गावोगाव नकला झाल्या. एक प्रत अमरावतीला आली, एक कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमात पोचली. हा आश्रम १९१८ मध्ये निघालेला. चोरी म्हणायची तर दोन पिढ्यांची चोरी. पण लक्ष्मीबाईंनी मदत केली नसती तर ग्रंथ आणखी किती वर्षे दर्शनापुरता उरला असता कोण जाणे.

विदिशाच्या लक्ष्मीचंद शेठजींच्या देणगीतून जैन साहित्योद्धारक फंड उभा राहिला, त्याची कचेरी अमरावतीत, आणि १९३९ मध्ये पहिला खंड बाहेर पडला. हाताशी नकलेच्या नकलेच्या नकला होत्या; अमरावती, कारंजा आणि आरा इथल्या प्रती एकमेकींशी ताडून पाठ ठरवायचा. फूलचंद्र आणि बालचंद्र हे दोन शास्त्री मदतीला, कोल्हापूरचे आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये सल्ल्याला. मूडबिद्रीच्या मंडळींचा राग हळूहळू निवळला आणि मूळ ताडपत्राशी पाठ ताडून पाहायची मुभाही मिळाली. सोळा खंड पुरे व्हायला वीस वर्षे गेली. पहिल्याच खंडातल्या स्त्रियांविषयीच्या एका सूत्रात 'संजद', म्हणजे संयत, हा शब्द असावा असे संपादकांनी तळटीपेत सुचवले होते. त्यावरून स्त्रियांना मुक्ती आहे की नाही या जुन्या वादाला तोंड फुटले, पत्रके निघाली, सभा झाल्या. ताडपत्र पाहिले तेव्हा तो शब्द तिथे होता.

१९४४ मध्ये नागपूर विद्यापीठाने प्राध्यापक जैनांना डी.लिट. दिली. सरकारी नोकरी संपल्यावर १९५५ पासून ते बिहारात प्राकृत आणि जैन विद्येच्या संस्थेचे संचालक होते, नंतर जबलपूरला विद्यापीठात विभागप्रमुख. कारंज्याच्या गाद्यांचा इतिहास तोवर दुसऱ्यांनी हाती घेतला होता. विद्याधर जोहरापूरकरांचा 'भट्टारक संप्रदाय' १९५८ मध्ये सोलापूरहून निघाला, आणि पोथ्यांच्या शेवटच्या पानांवरच्या त्या नावांचे त्यात चीज झाले. प्राध्यापक जैन मात्र उतारवयात पुन्हा पुष्पदंताकडे वळले. 'जसहरचरिउ' आणि 'णायकुमारचरिउ' यांच्या सुधारलेल्या आवृत्त्या त्यांच्या हिंदी भाषांतरासह १९७२ मध्ये भारतीय ज्ञानपीठाने छापल्या. १९७३ मध्ये ते वारले. महापुराणातला महावीरचरित्राचा भाग वेगळा काढून त्यांनी तयार करून ठेवलेले 'वीरजिणिंदचरिउ' पुढच्या वर्षी, १९७४ मध्ये, प्रसिद्ध झाले.